कुंकवाचं आवतण

२०१७ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या शेवटी आली. ऊन असं होतं की नाशकात सिडकोतल्या गच्च्यांवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. त्या साली सिंधुबाई पन्नाशीला आली होती आणि जन्मात पहिल्यांदाच तिने एक काम स्वतः जाऊन मागून आणलं होतं.

तिच्या हातचे मांडे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. आता लोकांनी तो मंगल कार्यालयात ताटात पडलेलाच पाहिलेला असतो, करताना फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मातीचं खापर चुलीवर पालथं घालून तापवायचं. पीठ फडक्यातून गाळायचं आणि मळून, आपटून इतकं सैल करायचं की उंडा हातातून ओघळायला बघतो. त्यात पुरण भरलं की पुढे पोळपाटही नाही आणि लाटणंही नाही. दोन्ही हातांवर उलटासुलटा झेलत मांडा वाढवत न्यायचा, मनगटावरून कोपरापर्यंत उतरवायचा आणि एका झोक्यात खापरावर टाकायचा. फाटला तर पुरण चुलीत. नामपूरकडच्या बायकांच्या हातातच हे असतं असं बागलाणातले लोक म्हणतात. हातात काही नसतं. भाजून भाजून येतं.

मांडे करणारीला मजुरी द्यायची रीत नव्हती. तिला आवतण द्यायचं. घरची बाई करंडा घेऊन यायची, कपाळाला कुंकू टेकवायची आणि म्हणायची, "उद्या आमच्याकडे मांडे आहेत." एकदा कुंकू लावून घेतलं की होकार झाला. मग अंगात ताप असो नाहीतर घरी पाहुणे असोत, जायचं. काम आटपलं की ओटी भरायची, खण, नारळ आणि मूठभर गहू. सिंधुबाईची एक पत्र्याची पेटी अशा खणांनीच भरलेली होती. त्यातल्या एकाचीही चोळी तिने कधी शिवली नाही. आलेला खण पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जायचा. एक हिरवा खण होता, त्याच्या कोपऱ्यावर शाईचा डाग. तो तिने पवननगरातल्या एका बाईला दिला होता, तर तीन वर्षांनी कुठल्याशा बारशाहून तो परत तिच्याच ओटीत आला. ती घरी येऊन हसून हसून लोळली होती. "अगं, माहेरी आला गं हा," म्हणाली, आणि पेटीत ठेवून दिला. तोही पुढे कुठेतरी गेला.

तिचा नवरा पुंजा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना ठेकेदाराकडे गेला, जुनी माणसं घरी बसली, त्यात पुंजाही बसला. वाईट माणूस नव्हता. पण घरी बसलेला पुरुष दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला तोंड लावतो, तसं त्याचं झालं. मुलगी योगिनी बारावीला होती.

बीज पडलं ते त्या हिवाळ्यात, गंगापूर रोडच्या एका लग्नात. सिंधुबाई पहाटेपासून मांडवामागे चुलीशी होती. जेवणाचा ठेका महेश नावाच्या एका तरुणाकडे होता. त्याची त्याच रस्त्याला थाळीची खानावळ होती. तो मागे आला, उभ्या उभ्या एक मांडा तुपाशी खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही घेता किती?"

"काय घेते?"

"म्हणजे एका मांड्याला."

तिला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती लाजली, जणू त्याने काही भलतंच विचारलं होतं. "घेत नाही रे बाबा. आवतणाने येते."

"मग तुम्ही येड्या आहात, मावशी," महेश म्हणाला. हसून म्हणाला, पण ते शब्द तिच्या कानात चार महिने राहिले.

मार्चमध्ये एका दुपारी तिने चांगलं लुगडं नेसलं, विठाबाईला बरोबर घेतलं आणि शहर बसने गंगापूर रोडला गेली. पुंजाला सांगितलं, गंगेवर जाऊन येते; नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.

ही विठाबाई तिच्या गावची. दोघी एकाच अंगणात वाढलेल्या, मांडे विठाच्याच आईकडे शिकलेल्या. दोघींची लग्नं नाशकात झाली, पण विठाचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत सातपूरला अपघातात गेला. तेव्हापासून ती चार घरची धुणीभांडी करायची. सिंधूला कुठेही मांड्यांचं आवतण आलं की विठा बरोबर जायची. पुरण शिजवायची, वाटायची, उंडे करून द्यायची, पण खापराशी बसायची नाही. शुभकार्यात विधवेचा हात खापराला चालत नाही, पुरणाला चालतो. हा भेद कुणी ठरवला देव जाणे. पुरण वाटून खांदे मोडतात, म्हणून असेल.

महेशने दोघींना चहा पाजला आणि बोलायला लागला तो सरळ मुद्द्यावर. "आखाजीला मी मांडे आणि आमरसाची थाळी लावतोय. पाटी बाहेर लागेल. सकाळी अकराच्या आत मला पन्नास मांडे पाहिजेत. जमलं तर आंब्याच्या दिवसांतला दर रविवार तुमचा. पुढे वर्षभराचंही बघू."

"आणि नाही जमलं तर?" विठाबाईने विचारलं.

"मावशी, माझं गिऱ्हाईक ताटावर बसलेलं असेल. नाही जमलं तर दुसऱ्यांदा माझ्याकडे येऊ नका. रागाने नाही सांगत."

बसमध्ये दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि तोंडावर पदर धरून हसायच्या. त्या दोघीच असल्या की बोलण्यात गावची अहिराणी उतरायची, 'आता'चं 'आते' व्हायचं आणि 'आहे'चं 'शे'. "आते काय करशी वं सिंधू?" विठा म्हणाली. "शेटानी शे आते तू!"

"शेटाणी कसली! खापर एक, चूल एक."

"एकच लागस पहिले."

घर आलं तोवर सिंधुबाईने मनात परसाला पत्रा घातला होता, दुसरी चूल मांडली होती आणि योगिनीला पुढे शिकायला पाठवून दिलं होतं. रात्री पुंजाला सांगितलं. त्याने खुर्ची दाराकडे वळवली. मग म्हणाला, "बघ बाई. लोक काय म्हणतील ते तू निस्तर." तिला तो होकारच वाटला. तीस वर्षांच्या संसारात होकार ओळखायचं तिचं माप तेवढंच होतं.

चूक तिच्याकडून झाली ती आखाजीच्या आदल्या संध्याकाळी.

डाळ निवडून झाली होती. पीठ गाळून परातीत फडक्याखाली झाकलं होतं. खापर उन्हात तापवून, पुसून कोपऱ्यात उभं केलं होतं. ते तिने वीस वर्षांपूर्वी सटाण्याच्या बाजारातून आणलेलं, कडेला एक टवका उडालेला. नवं खापर पहिल्या महिन्यात पोळी धरून ठेवतं. हे जुनं इतकं मुरलेलं होतं की मांडा आपणहून सुटायचा. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. धोंडाबाई आली होती.

धोंडाबाई तिची थोरली जाऊ. पलीकडच्या गल्लीत दुमजली घर. मोठे दीर, गोरक्ष, समाजाच्या मंडळात पदावर होते, त्यामुळे धोंडाबाईला चालतानासुद्धा मागे कुणीतरी बघतंय असं वाटायचं. हातात ताम्हन, त्यात चांदीचा करंडा.

"फार तयारी चाललीय गं," ती म्हणाली. "आखाजीला कोण येतंय तुझ्याकडे?"

"कोणी नाही, बाई. बसा ना."

"बसायला कुठे वेळ आहे." असं म्हणत तिने करंडा उघडला आणि बोट बुडवलं.

आणि सिंधुबाईची मान खाली गेली. बोट करंड्याकडे गेलं की सवाष्णीची मान वाकते, विचार मागून येतो. कुंकू कपाळाला टेकलं. मग विचार आला.

"उद्या पहाटेच ये," धोंडाबाई म्हणाली. "मालेगावची माणसं येतायत, आमच्या धाकट्या ललितच्या सोयरिकीची. पितरांच्या घागरी भरायच्या, त्यांचं पान वाढायचं, आणि पाहुण्यांना मांडे. आपल्या घरचे मांडे खाऊन गेले पाहिजेत."

"बाई, उद्या मी... उद्या मी काम घेतलंय."

"काम?" धोंडाबाईने परातीवरचं फडकं दोन बोटांनी वर केलं, बघितलं, परत टाकलं. "हां, ते होटेलवाल्याचं. ऐकलं मी. आखाजीला घरचे पितर उपाशी आणि होटेलात पंगत! मालेगावचे लोक विचारतील, ही कोण, तर सांगू का, धाकटी जाऊ, पोळ्या विकते?"

"तुम्हाला माहीत होतं, तरी..."

"माहीत होतं म्हणूनच मी स्वतः आले, सुनेला नाही पाठवलं. कुंकू लावून घेतलंस तू आता. पुसतेस का?"

सिंधुबाईचा हात पदराकडे गेला होता, तो तिथेच थांबला. दारातल्या खुर्चीवरून पुंजा म्हणाला, "येईल ती, वहिनी. पहाटे येईल."

धोंडाबाई गेल्यावर सिंधुबाईने परातीवरचं फडकं नीट केलं. मग योगिनी म्हणाली, "आई, नको ना जाऊस. फोन करून सांग, ताप आलाय."

"आखाजीच्या कुंकवाला खोटं बोलू?"

"मग खरं सांग! सांग, येत नाही."

"ए, तू गप," पुंजा म्हणाला. मग बायकोकडे न बघता, अर्धवट हसत, "माझ्या नावाचं कुंकू आहे ते. नाही म्हणून मला मारतेस की काय?"

तो थट्टेत बोलला होता. पण अशा थट्टेला बाईने काय उत्तर द्यायचं असतं? सिंधुबाई उठली आणि विठाबाईला निरोप धाडला.

विठा आली, सगळं ऐकलं, परातीशी बसली. "मग तू जा," म्हणाली. "मी टाकीन मांडे."

"तू?"

तो एवढासा शब्द. सिंधुबाईला तो परत घ्यावासा वाटला, पण तो बाहेर पडलेला होता. विठाचे हात तिला माहीत होते. याच परसात, कोणी बघत नसताना, विठाने कितीदा हौसेने मांडे टाकले होते, आणि तिचाही मांडा कोपरापर्यंत उतरायचा. शंका हाताची नव्हती.

"म्हणजे... टाक तू," सिंधुबाई म्हणाली. "पण पहाटे चूल मी पेटवते. पहिला मांडा मी टाकून जाते. नवीन कामाची सुरुवात आहे, विठा. तेवढं सवाष्णीच्या हातून होऊ दे."

विठाबाईने तिच्याकडे बघितलं. कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं. मग डाळ भिजवायला पातेलं ओढलं आणि म्हणाली, "बरं."

पहाटे अंधारातच दोघी चुलीशी होत्या. पीठ अजून भिजून यायचं होतं, खापर नीट तापलेलं नव्हतं. विठा म्हणाली, "थांब जरा, कच्चं शे." पण सिंधुबाईला थांबायला वेळ नव्हता, जावेच्या गच्चीवर दिवा लागलेला तिला दिसला होता. तिने हात जोडले, उंडा घेतला, झेलला. मनगटाशी आला तोवर त्याला भोक पडलं. तसाच टाकला. मांडा मधोमध फाटला, पुरण खापरावर पसरलं, थोडं निखाऱ्यांत गेलं, आणि गुळाचा करपट धूर सगळ्या परसात भरला. काळा थर खापराला चिकटून बसला.

"जा तू," विठाबाई म्हणाली. "मी खरवडते."

धोंडाबाईच्या घरी चूल गच्चीवर मांडलेली होती. सिंधुबाईने पदर खोचला आणि हिशेब केला. पाहुणे नऊला येतील, दहाला उठता येईल, पळत गेलं तर शेवटचे मांडे तरी आपल्या हातचे. तिने झपाझप पीठ आपटून तयार केलं. नऊ वाजले. घागरी भरल्या, पितरांचं पान वाढून झालं. पाहुण्यांचा पत्ता नाही. वाटेत गाडी खोळंबली म्हणे.

"बाई, मी करून ठेवते," ती म्हणाली. "फडक्यात राहतील मऊ."

"गार मांडे घालायचे त्यांना? बस गं. एवढी कुठे आग लागलीय?"

ती बसून राहिली. चूल विझू देता येत नव्हती. दर थोड्या वेळाने एक लाकूड सारायचं, खापरावर पाण्याचा थेंब टाकून बघायचं, आणि ऊन चढताना बघायचं. साडेदहाला योगिनी धापा टाकत जिना चढून आली.

"आई, ते आले. महेशदादा स्वतः आलेत गाडी घेऊन. तुला विचारतायत."

त्याच क्षणाला खाली मालेगावच्यांची गाडी लागली. "आले, आले!" धोंडाबाईचा आवाज जिन्यातून वर आला. "टाक गं पहिला!"

सिंधुबाईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ होतं. ती अर्धी उठली. धोंडाबाई गच्चीच्या दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही. मागे पाहुण्यांच्या बायका होत्या, त्यामुळे ती हसतच म्हणाली, "उठलीस तर माझे पितर ताटावरून उठतील, सिंधू. बघ बाई."

आईच्या तोंडाकडे बघत योगिनी उभी होती. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि तिने पुढे कितीतरी वर्षं ते दृश्य आईला एकदाही बोलून दाखवलं नाही. पण ती विसरली नाही.

सिंधुबाई खाली बसली. "सांग, येतेच म्हणावं," म्हणाली आणि उंडा हातात घेतला.

त्या दिवशीचे मांडे तिच्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर झाले. एकही फाटला नाही. मालेगावच्या बायका वर येऊन बघून गेल्या. एकीने तर फोनवर फोटो काढला. त्यात हात आणि खापर आलं, तोंड आलं नाही. जेवणं उठली तेव्हा तीन वाजत आले होते. धोंडाबाईने पाटावर बसवून तिची ओटी भरली. नारळ, गहू आणि एक हिरवा खण. सिंधुबाईने तो घरी येताना रस्त्यात उलगडला. कोपऱ्यावर शाईचा डाग होता.

या वेळी ती हसली नाही.

परसात विठाबाई चुलीशी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. पदराला पीठ, हात भाजलेले. परात रिकामी. शेजारी ताटलीखाली एक मांडा झाकून ठेवला होता.

"पन्नासही गेले?" सिंधुबाईने विचारलं.

"गेले. सगळे गेले. तुला एक ठेवलाय."

योगिनी ओट्यावर होती. तिला राहवलं नाही. "आई, विठामावशीने भारी केले. महेशदादांनी इथेच एक खाल्ला. विचारलं, कोणी केले, तर मावशी म्हणाली, मी."

सिंधुबाई विठाबाईकडे वळली. "मी म्हणालीस?"

"कोणी टाकले ते इचारलं त्यानं."

"काम कोणी आणलं ते नाही सांगितलंस?"

"ते त्यानं इचारलं नाही." विठाबाईने राखेतलं एक काटूक उचललं, मोडलं. "तू कुठे शे म्हणाला. मी म्हटलं, तिला आवतण होतं. तर तो म्हणे, मला आवतणाची बाई नको, कामाची पाहिजे. येत्या रविवारपासून या म्हणे, तिकडेच, खानावळीत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"येईन म्हटलं."

परसातल्या उन्हात दोघी समोरासमोर होत्या. पलीकडे कुणाच्या तरी घरी झोके घेत माहेरवाशिणी आखाजीची गाणी म्हणत होत्या.

"विठे, मी तुला बसने घेऊन गेले होते. मी!"

"घेऊन गेलीस. पुरणाला." विठाबाईचा आवाज चढला नव्हता. "पंचवीस वरीस झाले, सिंधू. मी मागे बसून पुरण वाटलं. एकानं इचारलं नाही, बाई तुलाबी येतं का. आज एकानं इचारलं, कोणी केले. मग काय सांगू? तुझं नाव सांगू?"

"मी तुला कधी कमी लेखलं का गं?"

"सकाळी पहिला मांडा मला टाकू दिला नाहीस."

सिंधुबाई चुलीकडे वळली. खापरावर अजून पहाटेच्या करपलेल्या पुरणाचा काळा डाग होता. विठाने तो सुरीने खरवडून काढायचा किती प्रयत्न केला होता ते ओरखड्यांवरून दिसत होतं.

"रविवारी दोघी जाऊ," विठाबाई म्हणाली. "सांगते मी त्याला. तू टाक, मी टाकते."

तेव्हा जर सिंधुबाईने हो म्हटलं असतं, तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण दिवसभर तिच्या पाठीचा कणा वाकलेलाच होता, आणि तो ताठ करायला तिला समोर फक्त विठाच मिळाली.

"तुझ्या हाताखाली येऊ?" ती म्हणाली.

विठाबाई उठली. लुगडं झटकलं. मग म्हणाली, "खापर नेऊ का हे? नवं मुरायला वेळ लागतो. रविवार जवळ शे."

"ने," सिंधुबाई म्हणाली. "सगळंच ने."

विठाबाईने खरंच नेलं. गोणपाटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून. ताटलीखालचा मांडा संध्याकाळपर्यंत तसाच होता. शेवटी पुंजाने खाल्ला. चांगला झालाय, म्हणाला.

मालेगावचं ते स्थळ जुळलं नाही. मुलीला पुण्यात नोकरी होती आणि तिला सिडकोत यायचं नव्हतं. मांड्यांचा त्यात काही संबंधच नव्हता. ललितने पुढे स्वतःच्या पसंतीने लग्न केलं.

पुंजा २०२१ च्या थंडीत गेला. खुर्चीतच. दहाव्याला गंगेवर सिंधुबाईचं कुंकू पुसायला धोंडाबाईच पुढे झाली, थोरली म्हणून. ओला पदर कपाळावरून फिरवताना ती मोठ्याने रडली. सिंधुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तिला त्या क्षणी फक्त "पुसतेस का?" एवढंच ऐकू येत होतं.

त्यानंतर तिच्या दाराशी कुणी करंडा घेऊन आलं नाही. तिचे हात मोकळे झाले, तेव्हा ते कुणालाच नको होते.

धोंडाबाईला पुढच्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आता तिच्या घरी आखाजीला मांडे लागतात ते तिची सून फोन करून विठाबाईकडून मागवते. डबा येतो, सून सासूला भरवते. धोंडाबाई आवडीने खाते. कुणाच्या हातचे ते विचारत नाही. मोठे दीर, गोरक्ष, समाजाच्या मंडळातल्या पदावरून उतरले आणि सकाळी बागेत फिरायला जातात.

महेशची खानावळ कोरोनाच्या टाळेबंदीत बंद पडली. तो आता सिन्नरकडे एका कारखान्यात कॅन्टीन चालवतो. पण तोवर विठाबाईला त्याची गरज उरली नव्हती. शिवाजी चौकामागे पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या चार चुली आहेत, हाताखाली सहा बाया आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा विधवा. सणासुदीला शेडबाहेर गाड्या लागतात. पाटीवर तिचं नाव आहे.

योगिनी नर्स झाली, ते शिष्यवृत्तीवर आणि स्वतःच्या हट्टावर. ती पुण्यात असते. तिचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. करंडा घेऊन कोणी पुढे आलं तर ती हात जोडते आणि मान ताठ ठेवते. लोक म्हणतात, शिकलेली मुलगी, आगाऊ आहे.

पुंजाच्या तेराव्याला विठाबाई आली होती. जाताना एवढंच म्हणाली, "चाल." सिंधुबाई तिच्या शेडवर गेली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी घराचं छप्पर गळायला लागलं आणि ती गेली.

आता ती रोज सकाळी शिवाजी चौकापर्यंत चालत जाते आणि तिसऱ्या चुलीशी बसते. इतर बायांना मिळतं तेवढंच तिला मिळतं. पहिल्या दिवशी तिने पदर खोचला, समोर बघितलं, तर चुलीवर तिचंच खापर होतं. कडेला टवका, आणि मधोमध एक जुना काळा डाग, जो कितीही मांडे झाले तरी गेलेला नाही. ते तिथे मुद्दाम ठेवलं होतं की आपसूक आलं होतं, हे तिने विचारलं नाही, विठाबाईने सांगितलं नाही. दोघी कामापुरतं बोलतात. अहिराणीत बोलत नाहीत.

आखाजीला पहाटे चारही चुली पेटतात. पहिला मांडा विठाबाई टाकते, दर वर्षी, स्वतः, आणि तो फाटत नाही. तोवर बाकीच्या बायांना थांबायला लागतं. सिंधुबाईही पिठाचे हात मांडीवर ठेवून थांबते.